दासी, राणी आणि धर्मभगिनी : संत बाथिल्डा हिचे चरित्र

महोत्सवाच्या वर्षी आपण मागे वळून पाहतो. देवळाचा पाया कोणी घातला, घंटा कोणी दिली, पहिल्या शाळेत मुले कोणी गोळा केली, हे आठवून आपण देवाचे उपकार मानतो. जुन्या करारातील महोत्सवाचे वर्ष मात्र याहून अधिक काही मागत होते. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे दर पन्नासाव्या वर्षी रणशिंग फुंकले जाई. विकलेली जमीन मूळ कुळाकडे परत येई आणि दारिद्र्यापायी विकला गेलेला इस्राएली मनुष्य मोकळा होऊन आपल्या मुलाबाळांसह घरी जाई. मोकळीक हाच त्या वर्षाचा गाभा होता. यास्तव या स्मरणिकेत आम्ही वाचक बंधुभगिनींपुढे एका साध्वीचे चरित्र ठेवीत आहोत. ती स्वतः गुलाम म्हणून विकली गेली, पुढे राणी झाली, आणि राणी झाल्यावर विकल्या जाणाऱ्यांस विसरली नाही. तिचे नाव संत बाथिल्डा. पवित्र धर्मसभेत तिचा सण ३० जानेवारी रोजी येतो.

तिचा काळ म्हणजे ख्रिस्ती शकाचे सातवे शतक. आज ज्यास आपण फ्रान्स म्हणतो, त्या देशावर तेव्हा फ्रँक लोकांचे राज्य होते. त्यांचा राजा पहिला क्लोव्हिस याने आपली राणी संत क्लोटिल्डा हिच्या आग्रहाने बाप्तिस्मा घेतला, त्यास आता दीडशे वर्षे होत आली होती. राज्याचे तीन मोठे भाग पडले होते : पश्चिमेस न्यूस्ट्रिया, पूर्वेस ऑस्ट्रेशिया आणि दक्षिणेस बरगंडी. राजे एकाच घराण्यातले असत, पण भाऊबंदकीने ते घराणे पोखरले होते. राजा अल्पवयी असला की खरी सत्ता राजवाड्याच्या मुख्य कारभाऱ्याच्या हाती जाई. आपल्या इतिहासात छत्रपतींच्या गादीशेजारी पेशव्यांचे जे स्थान झाले, त्यावरून वाचकांस या कारभाऱ्याच्या वजनाची कल्पना येईल.

इसवी सन ६४१ च्या सुमारास न्यूस्ट्रियाचे हे कारभारीपद एर्किनोआल्ड नावाच्या सरदाराकडे आले. त्याच्या घरात एक परदेशी मुलगी दासी म्हणून राबत होती. ती समुद्रापलीकडची, सॅक्सन लोकांपैकी, म्हणजे आजच्या इंग्लंडातली. त्या बेटावर तेव्हा लहान लहान राजे एकमेकांशी लढत, आणि लढाईत हाती लागलेली माणसे खाडी ओलांडून फ्रँकांच्या देशात विकली जात. बाथिल्डा हीही अशीच आली. तिच्या मृत्यूनंतर थोड्याच वर्षांत तिचे चरित्र लिहिले गेले. चरित्रकार सांगतो की ती अल्प किमतीस विकली गेली होती. पुढच्या काळातील लोकांस हे कमीपणाचे वाटले. त्यांनी तीस राजकुळातली कन्या ठरविले. आम्हास त्या सजावटीची गरज वाटत नाही. धान्य मोजावे तसे मोल करून जिला विकले, तिलाच पुढे परमेश्वराने उंच केले, हे जुन्या चरित्राचे साधे कथन पुरेसे आहे.

एर्किनोआल्डच्या घरी ती धन्यास पेला भरून देण्याचे काम करी. तेवढ्यावर ती थांबत नसे. घरातील वडीलधाऱ्यांच्या पायांतले जोडे काढावे, त्यांचे पाय धुऊन पुसावे, पाणी आणून ठेवावे, वस्त्रे नीट करावी, ही हलकी समजली जाणारी कामे ती न कुरकुरता करी. ती रूपवान होती, वागण्यात गंभीर होती आणि बोलण्यात मर्यादशील होती. कालांतराने एर्किनोआल्डची पत्नी वारली आणि त्याने बाथिल्डेशी विवाह करण्याचा विचार केला. एका दासीस याहून मोठे भाग्य कोणते, असे कोणीही म्हटले असते. पण तिने त्याच्या दृष्टीस पडण्याचेच टाळले. चरित्रकार म्हणतो की ती चिंध्यांखाली लपून राहिली. अखेरीस धन्याने आशा सोडली आणि दुसरी स्त्री केली. ज्या मुलीचे शरीरदेखील कायद्याने तिचे नव्हते, तिने आपले मन मात्र आपले राखले, ही गोष्ट आमच्या मते तिच्या पुढील साऱ्या चरित्राची किल्ली आहे.

त्यानंतर, ६४८ च्या सुमारास, राजा दुसरा क्लोव्हिस याने तीस राणी केले. हा क्लोव्हिस थोर राजा डागोबर्ट याचा पुत्र. बाप ६३९ साली वारला तेव्हा हा जेमतेम पाच वर्षांचा होता. विवाहसमयी तो पंधरा वर्षांच्या आसपास असावा, आणि बाथिल्डा त्याहून थोडी वडील. त्यांना तीन पुत्र झाले : क्लोथार, थेउडेरिक आणि किल्डेरिक. पुढे तिघेही राजे झाले.

राणीपद मिळाल्यावर माणसाची जुनी ओळख सहसा पुसली जाते. बाथिल्डेने ती पुसू दिली नाही. ती गोरगरिबांस अन्नवस्त्र देई, बेवारस मृतांस मूठमाती देववी. राजाने तिच्या या कार्यासाठी जेनेसियस नावाच्या धर्मगुरूची नेमणूक केली. तेच पुढे लियाँचे बिशप झाले. दरबारातील जुने मंत्री व सोनारकामात निष्णात असे न्वायाँचे बिशप संत एलिजियस यांचाही तिच्यावर लोभ होता. ६६० साली ते वारले तेव्हा ती परिवारासह न्वायाँस गेली. त्यांचा देह आपल्या मठात नेऊन ठेवावा अशी तिची फार इच्छा होती, पण तो न्वायाँसच राहिला. एलिजियस यांच्या चरित्रात अशी कथा आहे की मृत्यूनंतर त्यांनी एका मनुष्यास दर्शन देऊन राणीस निरोप पाठविला : अंगावरचे सोने व रत्ने उतरवून ठेव. तिने ती उतरविली, आणि बहुतेक दानधर्मास दिली.

६५७ साली राजा क्लोव्हिस वारला. वडील पुत्र क्लोथार तेव्हा पाच वर्षांच्या सुमाराचा होता. न्यूस्ट्रिया आणि बरगंडी यांचा कारभार त्याच्या नावाने आता राजमाता पाहू लागली. थोड्याच दिवसांत एर्किनोआल्डही मरण पावला आणि एब्रोइन नावाचा कर्तबगार पण निष्ठुर गृहस्थ मुख्य कारभारी झाला. पूर्वीच्या धन्याच्या जागी नवा कारभारी नेमला जात असताना त्या सभेत त्याची एके काळची दासी राजमाता म्हणून बसली होती. मानवी वैभवाचा फेरा किती अकल्पित असतो, हे दाखविण्यास याहून बोलके उदाहरण आम्हास ठाऊक नाही.

सत्ता हाती असताना तिने काय केले? जुन्या चरित्रात तिच्या तीन आज्ञा विशेष सांगितल्या आहेत, आणि त्या तिन्हींत विक्रीचा किंवा पैशाचा संबंध आहे.

पहिली आज्ञा धर्मसभेविषयी. त्या काळी बिशपपद आणि इतर पवित्र पदे पैसे घेऊन दिली जाण्याचे पाप बोकाळले होते. देवाचे दान विकत घेता येत नाही, हे प्रेषित पेत्राने जादूगार शिमोनास बजावले होते. बाथिल्डेने बिशपांच्या सल्ल्याने ही विक्री मना केली.

दुसरी आज्ञा गरिबांच्या मुलांविषयी. सरकारी कराचा बोजा माणशी इतका जड झाला होता की पुष्कळ आईबापांस मूल वाढविण्यापेक्षा ते मेलेले बरे वाटे. ही भयंकर गोष्ट राणीने नुसत्या उपदेशाने थांबविली नाही. ज्या करापायी हे पाप घडत होते तो करच तिने बंद केला. पापाचा धिक्कार करणारे पुष्कळ असतात; पाप घडविणारी लाचारी दूर करणारे विरळा.

तिसरी आज्ञा विकल्या जाणाऱ्या माणसांविषयी. फ्रँकांच्या राज्यातून ख्रिस्ती बंदिवानांस विकण्यासाठी परदेशी नेऊ नये, असा हुकूम तिने प्रांतोप्रांती पाठविला. शिवाय आपल्या पदरचे द्रव्य देऊन तिने पुष्कळ दासदासींस सोडविले. त्यांत तिच्या स्वतःच्या जातभाईंचा, सॅक्सन पुरुषांचा व मुलींचा, तिला विशेष कळवळा होता. त्यांपैकी काहींस तिने मठांत आश्रय दिला. येथे अतिशयोक्ती होऊ नये म्हणून हेही सांगितले पाहिजे की तिने गुलामगिरी समूळ नष्ट केली नाही. तिचा हुकूम ख्रिस्ती बंदिवानांपुरता होता, आणि तिच्यानंतरही युरोपात माणसांचा व्यापार दीर्घ काळ चालू राहिला. तथापि ज्या काळी राजे, सरदार आणि मठ या सर्वांच्या घरी गुलाम असत, त्या काळी एका राजसत्तेने हा व्यापार रोखण्यास हात घातला, आणि तो हात एके काळी स्वतः विकल्या गेलेल्या स्त्रीचा होता, ही गोष्ट लहान नव्हे.

मठांवर तिची मोठी भक्ती होती. सोम नदीकाठी कोर्बी येथे तिने पुरुषांचा मठ स्थापिला आणि लुक्सयच्या प्रसिद्ध मठातून थेउडेफ्रेड यांस आणून पहिले मठाधिपती केले. पॅरिसच्या पूर्वेस मार्न नदीजवळ शेल येथे तिने स्त्रियांसाठी मोठा मठ उभारला. तेथे जुआरच्या मठातून धर्मभगिनी आल्या आणि संत बर्टिला ही पहिली मठमाता झाली. जुमियेजच्या मठास तिने जंगल व कुरणे दिली. संत डेनिस, तूरचे संत मार्टिन आदी जुन्या व मोठ्या देवळांतील धर्मसेवकांनी नियमबद्ध मठजीवन जगावे, आणि त्या बदल्यात बिशपांनी त्यांच्या कारभारात हात घालू नये, अशी व्यवस्था तिने लावून दिली. रोम शहरातील संत पेत्र व संत पौल यांच्या मंदिरांस आणि तेथील गरिबांस तिने देणग्या पाठविल्या.

आता चरित्रातील दुःखद भागाकडे वळणे प्राप्त आहे. तो झाकून ठेवणे आम्हास प्रशस्त वाटत नाही, कारण संतांचे चरित्र खोट्या रंगाने उजळत नाही. ६६० च्या सुमारास लियाँचे बिशप ऑनेमुंड यांचा राजकीय कलहात वध झाला, आणि त्यांच्या जागी राणीचे विश्वासू जेनेसियस आले. पुढे सुमारे अर्ध्या शतकाने इंग्लंडात बिशप विल्फ्रिड यांचे चरित्र लिहिले गेले. विल्फ्रिड तरुणपणी लियाँस राहिले होते आणि तेथील बिशपांचा त्यांस आश्रय होता. त्या चरित्रकाराने या वधाचा दोष थेट राणीच्या माथी मारला, तिला आहाबाची दुष्ट राणी ईजबेल हिच्या पंक्तीस बसविले, आणि तिने नऊ बिशप मारविल्याचे लिहिले. नऊ बिशपांच्या वधास अन्य कोणत्याही ग्रंथाचा आधार मिळत नाही. त्या काळचे बिशप हे मोठमोठ्या घराण्यांचे पुढारीही असत, नगरे व खजिने त्यांच्या ताब्यात असत, आणि सरदारांच्या तंट्यांत तेही मारले जात. पुष्कळ इतिहासकार या रक्तपाताची जबाबदारी एब्रोइन व त्याच्या पक्षावर अधिक टाकतात. तरीपण ज्या कारभारात हे घडले त्या कारभाराच्या माथ्यावर बाथिल्डा होती, हे नाकारता येत नाही. सत्तेच्या जवळ उभे राहणाऱ्याचे वस्त्र शुभ्र राहणे किती कठीण असते! तिच्या आयुष्याचा पुढील भाग वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे त्याचा अर्थ अधिक खोल लागतो.

मठात जाऊन राहावे अशी तिची इच्छा जुनी होती, पण सरदार तिला जाऊ देत नव्हते. ६६५ च्या सुमारास एक प्रसंग घडला. पॅरिसचे बिशप सिगोब्रांड यांनी आपल्या ताठ्याने फ्रँक सरदारांचा रोष ओढवून घेतला होता. राणीच्या इच्छेविरुद्ध त्यांचा वध करण्यात आला. मारेकऱ्यांस धास्ती पडली की आता राजमाता सूड घेईल. मग ज्या सरदारांनी आजवर तिला अडविले होते त्यांनीच घाईघाईने तिला शेलच्या मठात जाण्याची परवानगी दिली. धार्मिक इच्छेची पूर्ती म्हणावी की सत्तेवरून हकालपट्टी म्हणावी? आमच्या मते त्यात दोन्ही होते. तिचे वय तेव्हा पस्तिशीच्या आसपास होते. पुत्र क्लोथार नुकता वयात आला होता.

ती गेली ती शांत मनाने गेली असे मात्र नव्हे. ज्यांस तिने लहानाचे मोठे केले होते, पदे व वतने दिली होती, तेच लोक आता तिच्याविषयी खोट्या शंका बाळगून तिच्याशी वाईट वागले, याचे तिला फार लागले. हा सल चरित्रकाराने लपविला नाही. तिने धर्मगुरूंचा सल्ला घेतला, त्या लोकांस मनापासून क्षमा केली, आणि आपल्याकडून त्यांचे मन दुखावले असल्यास त्यांनीही आपणास क्षमा करावी असे मागितले. सैन्य आणि खजिना हाती असताना तिने सूड घेतला असता तर फ्रँकांच्या इतिहासात ते नवल ठरले नसते. त्याच घराण्यातील ब्रुनहिल्डा व फ्रेडेगुंड या दोन राण्यांच्या वैराने अर्धशतकापूर्वी सारे राज्य रक्ताने भिजले होते. बाथिल्डेने त्या साखळीत आपली कडी जोडली नाही.

शेलच्या मठात ती इतर भगिनींसारखी राहिली. मठ तिनेच बांधला होता, जमिनी तिनेच दिल्या होत्या. तरी मठमाता बर्टिला हिच्या आज्ञेबाहेर ती एक पाऊल टाकीत नसे. स्वयंपाकघरात ती भगिनींची सेवा करी, आणि जे घाणेरडे काम दुसऱ्यांस नकोसे वाटे ते, म्हणजे शौचकूप साफ करणे, तीही ती आनंदाने करी. एर्किनोआल्डच्या घरी जी कामे तिच्यावर लादली गेली होती, तीच आता तिने आपल्या खुषीने पत्करली. काम तेच होते; पण पहिल्या वेळी ती विकत घेतलेली होती आणि आता मोकळी होती. सक्तीच्या चाकरीत आणि प्रेमाच्या सेवेत किती अंतर असते, हे या एका स्त्रीने दोन्ही भोगून दाखविले. ती आजाऱ्यांची विचारपूस करी, दुःखितांबरोबर रडे. मठाचे नाव बाहेर चांगले राहावे आणि गरिबांस मदत मिळत राहावी म्हणून राजा, राणी व सरदारांस मठातून भेटी पाठवाव्या, असे ती मठमातेस सुचवी.

मठाच्या भिंतींबाहेरून मात्र एकामागून एक वाईट बातम्या येत होत्या. ६७३ साली थोरला पुत्र क्लोथार वारला. थेउडेरिकास एकदा गादीवरून ओढून मठात डांबण्यात आले. ६७५ साली किल्डेरिक व त्याची गर्भवती राणी यांचा वनात शिकारीच्या वेळी खून झाला. जिने हे तिघे पुत्र वाढविले, तिने यांपैकी कोणत्याही प्रसंगी पुन्हा राजकारणात पाऊल ठेवले नाही. तिच्याच कारकीर्दीत ओतँचे बिशप झालेले लिओडेगार यांस एब्रोइनने आंधळे करून पुढे ठार केले. त्यांस धर्मसभा हुतात्मा मानते. मुलांच्या मरणाचे दुःख आणि आपल्या हातून घडलेल्या वा न टळलेल्या गोष्टींचे ओझे या दोन्हींसह ती रोज वेदीपुढे गुडघे टेकीत राहिली.

तिचा अंतकाळ ६८० च्या सुमारास आला. तत्पूर्वी तीस एक दृष्टान्त झाल्याचे सांगतात. पवित्र मरियेच्या वेदीपुढे एक शिडी उभी आहे, तिचे टोक आकाशास टेकले आहे, आणि देवदूतांच्या संगतीने आपण ती चढत आहोत, असे तिने पाहिले. पोटाच्या तीव्र दुखण्याने ती अंथरुणास खिळली. मठमाता बर्टिला त्याच वेळी आजारी होती. तिला आपल्या मरणाची चाहूल लागून धक्का बसू नये, म्हणून बाथिल्डेने ती गोष्ट तिच्यापासून गुप्त ठेवविली. राडेगुंड नावाची एक लहान मुलगी तिची धर्मकन्या होती. स्नानकुंडावर तिनेच तिला हाती घेतले होते. त्या बालिकेने आपल्या आधी देवाघरी जावे अशी तिची प्रार्थना होती, आणि तसेच घडले. मग क्रुसाची खूण करून बाथिल्डेने ३० जानेवारी रोजी प्राण सोडला. तिला शेल येथेच पुरण्यात आले.

८३३ साली सम्राट धार्मिक लुई याच्या कारकीर्दीत तिचे अवशेष समारंभपूर्वक मोठ्या देवळात हलविण्यात आले. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच राज्यक्रांतीत शेलचा मठ नामशेष झाला. तथापि तिचे अवशेष बचावले, आणि ते शेलच्या संत आंद्रेया यांच्या देवळात जतन झाले. त्याच गावाच्या संग्रहालयात तिच्या नावाने ओळखले जाणारे तागाचे एक वस्त्र आहे. त्यावर गळ्यातील हार आणि मोठा क्रूस रेशमी धाग्यांनी भरतकाम करून काढले आहेत. ज्या राणीने सोन्याचे हार उतरवून दिले, तिच्या वस्त्रावर नुसत्या धाग्यांचे हार उरावेत, हे पाहणाऱ्याच्या मनास चटका लावते.

तिच्या मठांनी पुढे जे केले तेही येथे नोंदवले पाहिजे. कोर्बी व शेल येथे पुढील शतकांत ग्रंथ लिहिले व नकलले गेले. शेलच्या भगिनींनी सुबक हस्ताक्षरात उतरविलेली पुस्तके दूरदूर गेली. मठमाता बर्टिला हिच्या काळी समुद्रापलीकडच्या सॅक्सन राजांनी शेलकडे शिक्षक व धर्मभगिनी मागितल्या, आणि मठातून माणसे, ग्रंथ व संतांचे अवशेष तिकडे पाठविण्यात आले. ज्या बेटावरून एक मुलगी अल्प किमतीस विकली जाऊन आली, त्याच बेटास तिच्या मठाने काहीही मोल न घेता ज्ञान व श्रद्धा परत पाठविली.

वाचक बंधुभगिनींनो, या चरित्रापासून आम्ही एवढेच घ्यावयाचे सुचवितो. बाथिल्डा निष्कलंक नव्हती असे कोणास वाटेल. तिच्या हातून सर्व अन्याय थांबले नाहीत हे तर उघड आहे. पण वर चढताना ती खालच्यांस विसरली नाही, आणि खाली उतरताना वरच्यांचा द्वेष तिने केला नाही. आपल्या घरी, शेतावर वा कारखान्यात जे दुसऱ्याच्या हाताखाली राबतात, त्यांच्याशी आपण कसे वागतो. आणि आपला मान कोणी काढून घेतला तर आपण कसे वागतो. या दोन प्रश्नांची उत्तरे प्रत्येकाने आपल्या मनाशी द्यावी. संत बाथिल्डा आपणा सर्वांसाठी प्रभूजवळ विनंती करो.